बेजोड जोडी

माणसाला पाठीमागून बेसावध असताना हलकेच ढकललं, तर तो तोल सावरायला आधी कुठला पाय पुढे टाकतो, हे बघण्यासाठी मी आयुष्यात शेकडो लोकांना ढकललंय. शेवटचा धक्का यंदा इथे पिस्कॅटवेत, मराठी मंडळाच्या गणपतीत, निखिलला दिला. निखिल नागपूरचा, जर्सी सिटीत राहतो, कुठल्याशा बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम बघतो. दुपारच्या जेवणाच्या रांगेत मठ्ठ्याचा ग्लास हातात घेऊन तो मला सांगत होता, की ऑफिसातल्या चौघांनी या हिवाळ्यात स्नोबोर्ड, म्हणजे एका फळीवर आडवं उभं राहून बर्फावरून घसरायला, शिकायचं ठरवलंय आणि बोर्ड भाड्याने घ्यायच्या फॉर्मवर कुठला पाय पुढे ठेवणार असं विचारलंय.

"काकू, मला काय माहीत यार. मी आजपर्यंत दोन्ही पाय सारखेच वापरलेत."

मी त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला, त्याला तोंड फिरवायला सांगितलं आणि एक धक्का दिला. उजवा पाय पुढे आला. मग त्याला सांगितलं, की फॉर्मवर उजवा लिही, पण तिथे गेल्यावर डावा पुढे ठेवूनही एकदा करून बघ, कारण ही परीक्षा दर वेळी खरं बोलते असं नाही. शेजारी त्याची बायको उभी होती. तिने विचारलं, "मेधाकाकू, तुम्ही नक्की काय काम करायचात?"

मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक आमच्या मागेच ताट घेऊन उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि तिथल्या तिथे माझ्याकडून हा लेख कबूल करून घेतला.

तर, मी स्की बनवायचे, म्हणजे बर्फावरून घसरत जायला दोन्ही बुटांखाली अडकवतात त्या लांब पट्ट्या. मूळची सातारची. तिथे थंडी पडते ती स्वेटर घालण्याइतकी. बर्फ मी पहिल्यांदा पाहिला तो ॲन आर्बरच्या विद्यापीठात एमएस करायला आले तेव्हा. काचेचे धागे, लाकूड आणि गोंद एकत्र दाबून जे हलकं, मजबूत सामान बनवतात, तो माझा विषय. माझ्या बरोबरचे सगळे मोटारींच्या कंपन्यांत गेले. मी मात्र तिथून चार तास उत्तरेला, जंगलातल्या एका गावात, अकरा माणसांच्या स्कीच्या वर्कशॉपमध्ये गेले, कारण त्यांना गोंद का सुटतो हे कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. एक वर्ष राहीन म्हणून गेले आणि यंदा निवृत्त होऊनच बाहेर पडले आणि इकडे पिस्कॅटवेला राहायला आले. नवरा, सुधीर, त्याच गावाजवळ कॉलेजात गणित शिकवायला लागला, मुलगी सई तिथेच वाढली. साताऱ्याला माझे सासरे लोकांना सांगायचे, की सूनबाई फळ्यांच्या कारखान्यात आहे. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

स्कीच्या पोटात लाकूडच असतं, मेपल नाहीतर ॲस्पेन. त्याच्या वर आणि खाली गोंदात भिजवलेलं काचेच्या धाग्यांचं कापड, सगळ्यात खाली गुळगुळीत प्लास्टिक, आणि कडेला पोलादाची धारदार पट्टी. हे सगळं गरम प्रेसमध्ये दाबून काढायचं. माझं काम होतं फ्लेक्सचं. महाराष्ट्रात फ्लेक्स म्हटलं की चौकातला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा बोर्ड डोळ्यांपुढे येतो. आमचा फ्लेक्स वेगळा. स्की दोन टेकूंवर आडवी ठेवायची, मधोमध ठरलेलं वजन टांगायचं, आणि ती किती मिलिमीटर खाली झुकली ते मोजायचं. कमी झुकली तर कडक, जास्त झुकली तर मऊ. पोटातल्या लाकडाची जाडी केसभर बदलली तरी हा आकडा चांगलाच बदलतो, म्हणून रंध्याचं मशीन चालू असताना माझ्याशी कुणी बोलत नसे.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, तर वळण्यासाठी. स्की मधोमध अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असते. बर्फावर ती कडेवर कलती करून तिच्यावर भार दिला, की ती धनुष्यासारखी वाकते आणि त्या वाकलेल्या कडेवरून माणूस वळतो. भार कमी पडला तर ती वाकत नाही, आणि वाकली नाही तर वळत नाही, सरळ झाडांकडे जाते. आता गंमत अशी, की डावीकडे वळताना सगळा भार उजव्या पायावर येतो आणि उजवीकडे वळताना डाव्या. आणि आपले दोन पाय सारखे नसतात. चेंडूला लाथ आपण एका पायाने मारतो, तोवर दुसरा पाय तोल सांभाळतो. जिना चढताना, पँट घालताना, सायकलवर टांग मारताना ठरलेला पाय आधी उचलतो. त्यामुळे बहुतेक प्रत्येक स्कीअरचं एक वळण लाडकं असतं आणि एक दोडकं. पट्टीच्या खेळाडूंचंही असतं, फक्त ते कबूल करत नाहीत.

आमच्या वर्कशॉपचा मालक वॉल्ट. उंच, शांत, मिशीवर कायम लाकडाचा भुसा. त्याचं म्हणणं होतं, की जो स्की बनवतो त्याला स्की करता आली पाहिजे, म्हणून पहिल्याच हिवाळ्यात त्याने मला टेकडीवर नेऊन सोडलं. मी उजवीकडे सुरेख वळले आणि डावीकडे वळायची वेळ आली तेव्हा बसले. माझा डावा पाय जोरकस आहे हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी, बर्फात बसल्या बसल्या कळलं.

दुसरी महत्त्वाची व्यक्ती डोरीन. ती जोड्या लावायची. लाकूड हे लाकूडच असल्यामुळे एकाच साच्यातून निघालेल्या दोन स्की सख्ख्या बहिणी असतात, जुळ्या नव्हेत. डोरीन एकेक स्की उभी धरायची, शेपूट जमिनीला टेकवायची, वरचं टोक एका हातात घ्यायची आणि दुसऱ्या तळहाताने पोटावर दाबायची. दहा-बारा स्की अशा दाबून झाल्या की त्यातल्या दोन उचलून माझ्यासमोर ठेवायची. मी मोजायचे. आकडे जुळलेले असायचे. वॉल्टचा नियम एकच होता: जोडी म्हणजे जोडी. दोन स्कींच्या आकड्यांत फरक दिसला तर ती जोडी दाराबाहेर जात नसे.

या नियमाला रूथने सुरुंग लावला.

रूथ आमच्याच भागात टपाल वाटायची. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, मोकळं बोलणारी बाई. शाळेत असल्यापासून स्की करणारी. आमच्याकडून तिने नवी जोडी नेली आणि तीन आठवड्यांत परत घेऊन आली. म्हणाली, डावी स्की मेलेली आहे, कितीही दाबली तरी वळत नाही. मी तिच्यासमोर दोन्ही मोजल्या. आकडे सारखे. ती ओशाळून घेऊन गेली आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हजर. या वेळी डोरीनला राग आला. तिच्या तळहातावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. ती आतल्या खोलीत जाऊन बसली आणि जोरजोरात सॅंडपेपर घासू लागली.

मी रूथला सांगितलं, की आता डावी स्की उजव्या पायात घाल आणि उजवी डाव्या, आणि टेकडीवर एक चक्कर मारून ये. टेकडी वर्कशॉपच्या मागेच होती. अर्ध्या तासाने ती आली ती डोकं खाजवतच. मघाची मेलेली स्की आता झकास चालत होती आणि मघाची चांगली, डाव्या पायात गेल्याबरोबर मेली होती.

"म्हणजे स्कीचा दोष नाही," ती म्हणाली.

"स्की दोन्ही जिवंत आहेत," मी म्हटलं. "तुझे पाय वेगवेगळे आहेत."

आमच्याकडे एक बुटकं स्टूल होतं, गुडघ्याइतक्या उंचीचं. त्यावर बसून, हात छातीशी बांधून, एका पायाने उठायचं. रूथ उजव्या पायाने दहा वेळा सहज उठली. डाव्याने तीनदा उठली आणि चौथ्या वेळी मागे बसली. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दर नव्या जोडीचं मी एक कार्ड ठेवायचे. त्यावर मी लिहिलं: उजवा दहा, डावा तीन.

मग मी तिच्या कामाची चौकशी केली आणि मला वाटलं, कोडं सुटलं. इथे गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं, पण खेड्यापाड्यांत टपालपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला असतात, त्यामुळे टपालवाली माणसं गाडीच्या उजव्या बाजूला बसून गाडी हाकतात. रूथ तर साध्याच गाडीत उजव्या सीटवर बसायची आणि डावा पाय लांबवून पलीकडचे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबायची. पार्सल द्यायला उजव्या दारातून उतरायची, म्हणजे जमिनीवर आधी उजवा पाय. दिवसभर, वर्षानुवर्षं. उजवा पाय अंगाचा भार झेलून तयार झालाय आणि डावा नुसता पेडल दाबून आळशी झालाय, असा सिद्धान्त मी तिथल्या तिथे मांडला. रूथला तो पटला, वॉल्टला पटला, मला स्वतःला तर फारच आवडला. जेवताना सुधीरलाही ऐकवला.

पाय बदलता येत नसेल तर स्की बदलू, असं माझं म्हणणं. उजवी होती तशीच ठेवायची आणि डावी थोडी मऊ करायची, म्हणजे कमी भारातही ती वाकेल. वॉल्टने साफ नकार दिला. त्याचं कारण मात्र शहाणपणाचं होतं. ही बाई उद्या या स्की कुणाला देऊन टाकेल, त्या माणसाला काही ठाऊक नसेल, आणि जोरात जाताना एका पायाखालची मऊ स्की फडफडली की तो आपटेल. तीन दिवस आमची यावर चर्चा चालली. शेवटी तोडगा डोरीनने काढला. तिने डाव्या स्कीवर लाल रंगात टपालपेटी रंगवली आणि खाली लिहिलं, की ही फक्त रूथच्या डाव्या पायासाठी. वॉल्टने ते दोनदा वाचलं आणि मान डोलावली.

त्या हिवाळ्यात रूथ इतकी खूश होती, की टपाल द्यायला आली की रोज एक नवं वळण हातवारे करून दाखवायची. बातमी पसरली. आणखी दोघं-तिघं आली. एक होता माजी फुटबॉलपटू, लाथ मारण्याचा पाय दांडगा. एक दंतवैद्य बाई होत्या, ज्यांचा एक पाय वर्षानुवर्षं ड्रिलच्या पेडलवर होता. मी त्यांना स्टुलावर बसवलं, मोजलं, बेजोड जोड्या बनवून दिल्या. "बेजोड" हा शब्द मी वॉल्टला शिकवला. न जुळणारी आणि जिला तोड नाही अशी, दोन्ही अर्थ सांगितले. तो गिऱ्हाइकांना "आमच्या मेडाच्या बेजोड" असं म्हणायला लागला. मेधाचं मेडा तिथे पहिल्या दिवशीच झालं होतं. खोटं कशाला सांगू, मला ते सगळं फार सुखाचं वाटत होतं.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर रूथ आली आणि म्हणाली, डावी परत जड वाटतेय, अजून थोडी मऊ करता येईल का. मी हो म्हटलं. वय वाढतं, पाय थोडे कमी पडतात, त्यात काय विशेष. माझ्या डोक्यात सिद्धान्त पक्का बसला होता, त्यामुळे तिला स्टुलावर बसवायचंही मला सुचलं नाही. नव्या कार्डावर मी स्कीचा आकडा लिहिला आणि पायाची जागा कोरी सोडली. ती कोरी जागा मला आजही टोचते.

तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात ती तिसऱ्यांदा आली. तीच मागणी. तिची जुनी डावी स्की मी डोरीनकडे दिली आणि नवं लाकूड निवडायला वळले. डोरीनने सवयीने ती जमिनीला टेकवून तळहाताने दाबली. मग पुन्हा दाबली.

"मेडा," ती हळूच म्हणाली, "ही शाळकरी मुलाच्या स्कीइतकी मऊ आहे. हिला अजून किती मऊ करणार?"

मी कपाटातून रूथची दोन्ही कार्डं काढली आणि शेजारी शेजारी ठेवली. दोन वर्षांतल्या डाव्या स्कीच्या आकड्यांतलं अंतर वजा करून बघितलं. माणूस डावखुरा असतो किंवा उजवा असतो, पण तो दर वर्षी अधिकाधिक उजवा होत जात नाही. पेडलवरच्या पायाचा सिद्धान्त खरा असता, तर वीस वर्षांपूर्वीच तो फरक पडून थांबला असता.

मी स्टूल पुढे ओढलं. रूथ हसत बसली, हात छातीशी बांधले, डाव्या पायावर जोर दिला. उठली नाही. पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा स्टुलाच्या कडेला हात टेकवून अर्धी वर आली आणि बसली. ती अजून हसतच होती, म्हणाली आज दमलेय. मी शिलाईची टेप आणली आणि तिच्या दोन्ही मांड्यांना जीन्सवरूनच गुंडाळून बघितली. डावी उजवीपेक्षा चांगलीच बारीक होती. दुखतं का, असं विचारलं. दुखत नाही म्हणाली, फक्त जिन्यावर कधी कधी गुडघा दगा देतो.

"मी ही स्की करणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"कारण तुझा पाय जातोय, रूथ. दोन वर्षं मी स्की मऊ करत गेले आणि तुला ते कळू दिलं नाही. तू डॉक्टरकडे जा."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मी स्की घ्यायला आलेय, तपासून घ्यायला नाही, असं ती शांतपणे म्हणाली, आपल्या स्की उचलल्या आणि निघून गेली. दारातून बाहेर पडताना तिचा डावा पाय उंबऱ्याला जरासा घासला. तो आवाज मी याआधीही ऐकला असणार, पण लक्ष त्या दिवशी गेलं.

त्यानंतर टपाल यायचं ते पेटीत. रूथ आत यायची बंद झाली. दोन आठवडे गेले. वॉल्टने मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण दर दुपारी टपालाच्या वेळी तो खिडकीपाशी जाऊन उभा राहायचा. सई तेव्हा ॲन आर्बरला शिकत होती. फोनवर मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, यू वेअर राइट. बट यू सेड इट लाइक ॲन इंजिनिअर." मग मराठीत म्हणाली, "तुझा पाय जातोय, असं कोणी सांगतं का?"

खरं होतं तिचं. मी रूथला पत्र लिहिलं. आधी माफी मागितली, बोलण्याबद्दल नव्हे, तर दुसऱ्या वर्षी न मोजल्याबद्दल. मग दोन्ही कार्डांच्या प्रती जोडल्या, आणि त्यांच्याखाली तिसऱ्या वर्षाची ओळ स्वच्छ अक्षरात लिहिली: डावा पाय, शून्य. शेवटी लिहिलं, की मला पायांतलं काही कळत नाही, मला फक्त काय किती वाकतं एवढंच मोजता येतं, पण हा कागद तू एखाद्या पायांतलं कळणाऱ्या माणसाला दाखव. पाकिटावर रूथचा पत्ता घातला आणि आमच्याच पेटीत टाकलं; इथे टपाल घालायला येणारा माणूसच पेटीतलं बाहेर जाणारं टपाल उचलून नेतो. दुसऱ्या दिवशी ते पत्र रूथच घेऊन गेली असणार. स्वतःच्या नावाचं पाकीट दुसऱ्याच्या पेटीतून उचलताना तिला काय वाटलं, ते मी तिला कधी विचारलं नाही.

जानेवारीत वर्कशॉपमध्ये फोन वाजला. रूथ ॲन आर्बरच्या एका हॉस्पिटलातून बोलत होती. कण्यात एक गाठ निघाली होती, साधी, पसरणारी नव्हे, पण डाव्या मांडीच्या नसेवर बसली होती आणि वर्षानुवर्षं इंचाइंचाने तिला दाबत होती. दुखत नव्हतं म्हणूनच कळलं नव्हतं. ऑपरेशन झालं होतं. आणखी वर्षभर तसंच चाललं असतं तर पाय कायमचा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले होते.

"आणि ऐक," ती म्हणाली. "पायाला अशक्तपणा कधीपासून आहे, असं त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. मी तुझा कागद दिला. त्यांनी तो फाइलला लावला आणि विचारलं, ही मेडा कोण, फिजिओथेरपिस्ट का? मी म्हटलं, नाही, ती स्की बनवते. त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला."

मी खुर्चीत बसले आणि रडले. डोरीनने मशीन बंद केलं. वॉल्टने काय झालं ते ऐकलं आणि खिडकीपाशी जाऊन बराच वेळ नाक शिंकरलं.

त्या रविवारी सुधीर आणि मी तिला भेटायला गेलो. बरोबर पातळ पोह्यांचा चिवडा नेला होता. रूथने मूठभर खाल्ला, डब्याचं झाकण लावलं आणि नर्सला सांगितलं, की हा डबा माझ्या सामानात धरा. सईही बसने तिथे आली. आपल्या आईच्या आकड्यांचा कागद हॉस्पिटलच्या फाइलमध्ये आहे, हे तिने आपल्या मैत्रिणींना इतक्यांदा सांगितलं, की माझ्या डिग्रीचं तिला कधी एवढं कौतुक वाटलं नव्हतं.

वर्षभर रूथ व्यायाम करत होती. नोव्हेंबरात ती वर्कशॉपमध्ये आली आणि कुणी सांगायच्या आत तिने स्वतःच स्टूल ओढलं. आम्ही तिघं गोल करून उभे राहिलो. डाव्या पायाने ती एकदा उठली, दुसऱ्यांदा उठली, तिसऱ्यांदा गुडघा थरथरला पण उठली, चौथ्यांदा आणि पाचव्यांदाही उठली. सहाव्यांदा बसली. डॉक्टरांच्या मते नस जेवढी सावरायची तेवढी सावरली होती, आता याच्यापुढे फार काही होणार नाही.

"म्हणजे मला पुन्हा बेजोड जोडी लागणार," रूथ म्हणाली.

त्या वर्षभरात मी एकही बेजोड जोडी बनवली नव्हती. कुणी मागितली तरी टाळत होते. मला भीती बसली होती, की मऊ स्की देणं म्हणजे माणसाच्या दुखण्यावर पांघरूण घालणं. मी रूथला तसं सांगितलं. गंमत म्हणजे उत्तर वॉल्टने दिलं, त्याच वॉल्टने ज्याला जोडी म्हणजे जोडी हवी होती. तो म्हणाला, "आधी तुला माहीत नव्हतं की पाय का कमी पडतोय. आता माहीत आहे. चष्मा बनवणारा आधी डोळा तपासतो, मग काच देतो. काच देणंच बंद करत नाही."

मी जोडी बनवली, पण अट घातली. दर नोव्हेंबरात रूथने स्टुलावर बसायचं, आणि पाचाचे चार झाले तर स्कीला हात लावायच्या आधी डॉक्टरांचा कागद आणायचा. वॉल्टने हा नियम सगळ्यांसाठीच केला. नंतरच्या वर्षांत मी आणखी दोघांना स्की न देता डॉक्टरकडे पाठवलं. एकाचा गुडघा खरंच बिघडलेला निघाला. दुसऱ्याचं काहीच निघालं नाही, तो नुसता आळशी होता, आणि तपासण्यांत गेलेल्या त्याच्या सुट्टीबद्दल तो मला अजूनही बोल लावतो. चालायचंच.

या वेळी ती डावी स्की करताना मी जितकी सावध होते तितकी आयुष्यात कधी नव्हते. पहिली जास्त कडक झाली, टाकली. दुसरी डोरीनने दाबली, डोळे मिटून पुन्हा दाबली, आणि माझ्याकडे दिली. आकडा हवा तोच होता. दुसऱ्या वर्षी मी स्टूल पुढे ओढलं असतं तर कदाचित हा आकडा उजव्याच्या आणखी जवळ गेला असता. रूथने ते कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र मोजण्याचीच सवय, त्यामुळे तो न मोजलेला आकडा माझ्याबरोबर राहिला आहे.

डिसेंबरातल्या एका सकाळी, टेकडी हंगामासाठी नुकतीच उघडली होती तेव्हा, वर्कशॉपला कुलूप लावून आम्ही तिघं खाली कुंपणाशी जाऊन उभे राहिलो. ऊन पडलं होतं, बर्फ कोरडा होता. टेकडीच्या माथ्यावर, तारेवरून खुर्च्या वर नेणाऱ्या लिफ्टमधून रूथ उतरली, गॉगल सारखा केला आणि निघाली. पहिलं वळण डावीकडे, म्हणजे भार उजव्या पायावर. ते सोपं होतं. मग उजवीकडे. तिचा डावा गुडघा वाकला, स्की कडेवर गेली, मधोमध झुकली, आणि बर्फावर एक सुरेख गोल रेघ उमटली. मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. डोरीन माझ्या दंडाला धरून उभी होती आणि दर उजव्या वळणाला चिमटा घेत होती.

रूथ आमच्यासमोर येऊन थांबली. गाल लाल झालेले, धाप लागलेली. मी घाईघाईने विचारलं, की डावी कशी वाटली, कडक वाटते का, टोकाला फडफडते का, कुठल्या वळणाला जड गेली.

तिने खाली पायांकडे पाहिलं. क्षणभर ती आठवायचा प्रयत्न करत होती.

"डावी?" ती म्हणाली. "अगं, तिच्याकडे लक्षच गेलं नाही."

आणि मी पुढचं काही विचारायच्या आत ती वळून लिफ्टच्या रांगेत जाऊन उभी राहिली.